आपली वही, दुसऱ्याच्या हाती

गेल्या पावसाळ्याआधी गावाकडच्या घराचे छप्पर बदलायचे ठरले. खर्चाचा अंदाज चार लाखांच्या घरात गेला. निवृत्तिवेतन नियमित, डोक्यावर दुसरे कर्ज नाही, म्हणून पगाराचे खाते अठ्ठावीस वर्षे ज्या बँकेत होते तिथेच गेलो. समोर तिशीतला व्यवस्थापक होता. त्याने आधार आणि पॅन घेतले, पडद्यावर काहीतरी पाहिले आणि अवघडून म्हणाला, "सर, बाकी सगळं ठीक आहे, पण तुमचा स्कोअर ६५८ दाखवतोय. यात बसणार नाही."

चार लाखांची सोय पुढे दुसरीकडून झाली असती. मनाला लागले ते वेगळेच. माझे वडील बार्शीच्या बाजारपेठेत किराणा दुकान चालवत. 'पैसा गेला तर परत मिळवता येतो, पत गेली तर माणूस पेठेतून उठतो' हे त्यांचे वाक्य ऐकत मी मोठा झालो. एकही हप्ता न चुकवलेल्या त्यांच्या मुलाला एक आकडा सांगत होता, की तुझी पत कमी आहे. हा आकडा येतो कुठून, तो कोण लिहितो आणि तो सुधारायचा कसा, याचा शोध मी त्या दिवसापासून सुरू केला. हा लेख त्या शोधाचे फलित आहे.

पेठेतली वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या दुकानात नव्या लाल वहीची पूजा होई. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, 'श्री' आणि 'शुभ-लाभ'. त्याआधीचे पंधरा दिवस मात्र जुन्या वहीचे असत. कोणाकडे किती येणे आहे याची यादी निघे आणि गिऱ्हाइके आपली बाकी मिटवून जात. एखादा म्हणे, "शेठ, ज्वारी निघाली की देतो." वडील मान हलवत. त्याची बाकी नव्या वहीत पुढे ओढली जाई, पण त्याचे नाव खराब होत नसे. ज्वारी यायला माघ उजाडतो हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते.

या आठवणीला हळवेपणाचा मुलामा देण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. त्याच वहीत वाड्यातल्या माणसाला सहा महिन्यांची उधारी होती आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र रोखीचा व्यवहार. विधवा बाईला उधार द्यायचे की नाही, हे तिच्या दिराला विचारून ठरे. माणूस ओळखीचा असणे ही त्या वहीची ताकद होती आणि तोच तिचा दोषही होता. शिवाय ती वही गिऱ्हाइकाच्या हाती कधी पडत नसे. तिच्यात काय लिहिले आहे, ते दुकानदार सांगेल तेवढेच खरे.

सुपे, १८७५

वही दुसऱ्याच्या हाती असण्याची किंमत महाराष्ट्राने फार मोठी मोजली आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतरची काही वर्षे दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला आणि शेतकऱ्यांनी कर्जे उचलली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्याच सुमारास अनेक तालुक्यांत शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. कर्जाचे दोर आवळले गेले.

यात एका कायद्याने उलटाच परिणाम साधला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताला काही वर्षांची मर्यादा घातली. जुन्या कर्जाचा फास शेतकऱ्याच्या गळ्याभोवती कायम राहू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि त्या बेरजेवर पुन्हा व्याज लावायचे. कुणबी खाली नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक जमले आणि त्यांनी सावकारांकडून वह्या व खते मागून घेऊन ती जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरले. या उठावात माणसांवर हात टाकण्याचे प्रकार तुलनेने कमी झाले. लोकांचा रोख होता तो कागदांवर. चौकशी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्याचा कायदा आला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायालयाने नुसत्या खताच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जावे, अशी तरतूद त्यात होती. मला महत्त्वाची वाटली ती आणखी एक तरतूद. दिलेल्या पैशांची लेखी पावती आणि वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकरी कर्जदाराला दिला. आपल्या नावावर काय लिहिले आहे हे पाहण्याचा अधिकार इथे कायद्याच्या शब्दांत आला.

ओळखीकडून आकड्याकडे

अनोळखी माणसाच्या विश्वासार्हतेची नोंद पगारी पद्धतीने ठेवण्याचा धंदा अमेरिकेत वाढला. लुईस टॅपन या व्यापाऱ्याने १८४१ मध्ये न्यूयॉर्कला एक संस्था काढली. गावोगावचे वार्ताहर, त्यांत बरेच वकील, स्थानिक व्यापाऱ्यांविषयी तिला कळवत. दुकान कसे चालते याबरोबरच माणूस दारू पितो का, संसार नीट करतो का, हेही जाड वह्यांत उतरे. म्हणजे तिथेही आधी पेठेतली कुजबुजच होती. १९५६ मध्ये बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी या कुजबुजीच्या जागी गणित आणण्यासाठी कंपनी काढली आणि तिचा सर्वसाधारण वापराचा गुणांक १९८९ मध्ये आला.

आपल्याकडे सिबिल ही कंपनी २००० साली स्थापन झाली. पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ मध्ये झाला. आज रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलीभाषेत मात्र चौघींचेही नाव 'सिबिल'च. या कंपन्या कर्ज देत नाहीत, नाकारतही नाहीत. बँका, वित्त कंपन्या आणि कार्ड देणाऱ्या संस्था आपापल्या कर्जदारांची माहिती त्यांच्याकडे पाठवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती महिन्यातून किमान दोनदा पाठवणे बंधनकारक झाले. त्या नोंदींवरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा निघतो. साडेसातशेच्या वर असेल तर चांगला, असा बँकांचा रिवाज आहे. अमुक आकड्याखाली कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे अर्थ मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेत स्पष्टही केले. तरीही बँकेच्या खिडकीशी रिवाजच नियमासारखा वागतो.

वहीत काय असते, काय नसते

मी माझा अहवाल मागवला. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक २०१७ पासून आहे. म्हणजे चार कंपन्यांचे चार अहवाल दर तिमाहीला एक असे मागवले, तर वर्षभर फुकट लक्ष ठेवता येते. आपला अहवाल आपणच पाहिल्याने गुण कमी होतात, ही समजूत चुकीची आहे. आपण कर्ज मागितल्यावर बँकेने तो पाहिला, तर त्या चौकशीची नोंद होते. अशा नोंदी थोड्या दिवसांत दाटीने झाल्या, तर माणूस पैशांसाठी दारोदार फिरतो आहे असा अर्थ यंत्र काढते.

अहवाल वाचताना पहिला धक्का बसला तो त्यात काय नाही याचा. पगार, मुदत ठेवी, घर, शेती, सोने यांची गुणांकनात दखलच नाही. कोट्यधीशाचा गुणांक कमी असू शकतो आणि बारा हजार पगाराच्या शिपायाचा ८०० असू शकतो. हा आकडा ऐपत मोजत नाही. उसने घेतलेले ठरल्या दिवशी परत करण्याची सवय तो मोजतो. मराठीत 'ऐपत' आणि 'पत' हे दोन शब्द वेगळे आहेत, ते उगाच नव्हे.

प्रत्येक खात्यापुढे गेल्या छत्तीस महिन्यांची चौकट असते आणि प्रत्येक घरात हप्त्याला किती दिवस उशीर झाला तो आकडा. शून्य असेल तर उत्तम. उशीर नव्वद दिवसांच्या पुढे गेला, की बँकेच्या लेखी ते कर्ज अनुत्पादक ठरते. गुणांकनाचे नेमके सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत, पण त्यातले घटक ठाऊक आहेत: वेळेवर फेड, कार्डाच्या मर्यादेपैकी वापरलेला भाग, खाती किती जुनी आहेत, तारण आणि बिनतारण कर्जांचे प्रमाण आणि नव्या चौकश्या. सर्वांत वजनदार पहिला.

माझ्या अहवालात दोन डाग होते. एक खाते माझे नव्हतेच म्हणावे असे. नऊ वर्षांपूर्वी महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सही केली आणि विसरून गेलो. तो आजारी पडला, हप्ते थकले, आणि त्याचे थकलेले हप्ते माझ्या पानावर 'जामीनदार' या शब्दाखाली उमटले. दुसरा डाग एका क्रेडिट कार्डाचा. ते मी बंद करायला सांगितले होते, पण बंद झालेच नव्हते. वार्षिक शुल्काचे काही शे रुपये, त्यावरचा दंड आणि व्याज मिळून चार हजारांची थकबाकी माझ्या नावावर वाढत होती.

सुधारणा म्हणजे काय

या दोन डागांनी मला मूळ गोष्ट शिकवली. चुकीची नोंद मागता येते, तशी ती बदलूनही घेता येते. खरी नोंद मात्र कोणालाही पुसता येत नाही. तिच्यावर नव्या, चांगल्या नोंदींचे थर चढवावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. 'पंधरा दिवसांत सिबिल वाढवून देतो' अशी जाहिरात करणारा या दोहोंपैकी पहिले काम पैसे घेऊन करतो, जे आपण फुकट करू शकतो; आणि दुसऱ्याविषयी खोटे बोलतो.

कार्डाची चूक मी लेखी कळवली. कार्ड बंद करण्याच्या विनंतीची जुनी ईमेल सापडली, ती जोडली. तक्रारीचे निवारण तीस दिवसांत व्हायला हवे. न झाल्यास त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०२३ चा आहे. तेवढ्यानेही भागले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. २०२२ पासून या माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. माझी नोंद सव्विसाव्या दिवशी दुरुस्त झाली. त्याच २०२३ च्या आदेशानुसार, एखाद्या बँकेने आपला अहवाल पाहिला की आपल्याला संदेश यायला हवा. न मागितलेल्या कर्जासाठी असा संदेश आला, तर कोणीतरी आपल्या पॅनवर कर्ज काढू पाहत आहे असे समजून त्याच दिवशी हालचाल करावी.

खऱ्या नोंदींच्या बाबतीत मार्ग साधे आहेत, पण त्यांतल्या खाचखळग्यांची माहिती हवी. पहिला खळगा 'किमान देय रक्कम' या शब्दांत आहे. समजा, कार्डावर ५०,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. व्याज झाले १,७५० रुपये, त्यावरचा अठरा टक्के कर ३१५ रुपये. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये भरली, तर मुद्दलातून वळते झाले फक्त ४३५ रुपये. चौकटीत उशिराचे दिवस शून्य दिसतील, पण कर्ज जागचे हलणार नाही. १८५९ नंतरचे नवे खत आणि हे मासिक बिल यांत मला फारसा फरक दिसत नाही. निशाणी करायच्या ऐवजी आपण बटण दाबतो, एवढेच.

दुसरा खळगा तडजोडीचा. थकलेल्या ६०,००० ऐवजी ३५,००० भरा, प्रकरण मिटवू, असा वसुलीवाल्याचा फोन येतो आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. अहवालात मात्र ते खाते 'बंद' असे न दिसता 'तडजोडीने मिटवलेले' असे दिसते आणि पुढची बँक त्याचा अर्थ 'याने पूर्ण फेडले नाही' असाच लावते. अगदी नाइलाज असेल तर तडजोड जरूर करावी. पण जमत असेल तर पूर्ण रक्कम भरून 'काही येणे नाही' असा दाखला घ्यावा आणि अहवालात खाते बंद झाले का, ते महिन्या-दीड महिन्याने पाहावे.

तिसरी गोष्ट कार्डाच्या मर्यादेची. लाखाची मर्यादा असलेल्या कार्डावर दरमहा ८०,००० खर्चून ते सगळे वेळेवर भरले, तरी बिलाच्या दिवशीची बाकी नोंदीत जाते आणि वापर ऐंशी टक्के दिसतो. तीस टक्क्यांच्या आत राहावे, असा ठोकताळा आहे. मोठी खरेदी झालीच, तर बिल निघण्याआधी काही रक्कम भरून टाकावी. जुने, बिनशुल्काचे कार्ड उगाच बंद करू नये. त्याचे वय आपल्या बाजूने बोलते. जे बंद कराल, ते लेखी बंद करा. हे मी अनुभवाने सांगतो.

गुणांकातल्या फरकाची किंमत किती? अनेक बँका आता गृहकर्जाचा दरच गुणांकाशी जोडतात. तीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये बसतो. पाऊण टक्का जास्त दर लागला, तर तो सुमारे २७,४७६ होतो. वीस वर्षांत जवळपास साडेतीन लाखांचा फरक पडतो. माझ्या छपराचा खर्च त्याहून फार अधिक नव्हता.

वहीबाहेरची माणसे

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी भिशीचा हप्ता वीस वर्षांत कधी चुकवलेला नाही. किराणा दुकानदार त्यांना डोळे झाकून उधार देतो. या यंत्राच्या लेखी मात्र त्या अस्तित्वातच नाहीत. भिशी, दुकानातली उधारी, घरभाडे, नातेवाइकाचे फेडलेले पैसे यांतले काहीच तिथे पोहोचत नाही. गावातल्या पतपेढीची फेडही बहुधा पोहोचत नाही. अशा माणसाने वहीत शिरायचे तर छोट्या दाराने. मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे छोट्या मर्यादेचे कार्ड, एखादे लहान सोनेतारण कर्ज किंवा फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेली स्वनिधी योजना ही त्याची उदाहरणे. स्वनिधीत आरंभी १०,००० रुपयांचे पहिले कर्ज फेडले, की मोठ्या दुसऱ्या कर्जाचा मार्ग खुला होई.

या आकड्याचे राज्य किती पसरू द्यायचे, हा प्रश्न आता न्यायालयांपुढेही येतो आहे. गुणांक कमी म्हणून विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले. उलट, कर्जफेडीच्या खराब इतिहासावरून बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली, ती मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये योग्य ठरवली. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बँकांना पुन्हा पुन्हा बजावतात. पाऊस चुकल्याने थकलेला हप्ता आणि चैनीपायी थकलेला हप्ता चौकटीत सारखेच दिसतात, ही त्यामागची खरी अडचण आहे. माझ्या वडिलांच्या वहीला जात दिसत होती, पण ज्वारीही दिसत होती. या वहीला जात दिसत नाही, हे तिचे मोठेपण. पण ज्वारीही दिसत नाही.

सहकाऱ्याच्या कर्जाचे काय झाले, हे सांगायला हवे. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो अंथरुणावर होता. विषय काढवला नाही. चहा घेऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या बँकेत जाऊन थकलेले पाच हप्ते भरले. आठवड्याने त्याचा फोन आला. बँकेचा संदेश त्याला गेला होता. बराच वेळ तो काही बोललाच नाही, मग म्हणाला, "तुझी सही मी विसरलो नव्हतो रे." पुढचे हप्ते त्याच्या मुलाने सुरू केले. ते उशिराचे आकडे माझ्या पानावर अजून आहेत आणि असतील. त्यांच्या पुढच्या घरांत आता शून्ये भरत चालली आहेत. तेरा महिन्यांनी माझा गुणांक ७३१ झाला आणि छप्पर या वैशाखात बदलले.

या लक्ष्मीपूजनाला दुकान नाही, पूजेला लाल वहीही नाही. तरी मी एक प्रथा सुरू केली आहे. पाडव्याच्या सकाळी चौघांपैकी एका कंपनीचा अहवाल काढायचा, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि मुलांनाही त्यांचा वाचायला लावायचा. सुप्याच्या लोकांना ती वही जाळावी लागली, कारण ती वाचण्याची सोय त्यांना नव्हती. आपल्याला ती आहे.